फुलावर आलेल्या शेवंतीची छाट कलमं: रूटिंग पावडर कुठे कामाला येते, कुठे येत नाही

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ‘मुळ्या फुटायची पावडर द्या’ म्हटलं की काउंटरवर निदान तीन वेगळ्या वस्तू येतात. ह्युमिक अॅसिडची पुडी, मायकोरायझाचा डबा, आणि नेट लावून विचारलं तर मागच्या फळीवरची आयबीएची छोटी डबी. तिन्हींवर पांढऱ्या मुळीचं चित्र सारखंच आणि ‘घ्या भाऊ, पांढरी मुळी जोरात चालते’ हे वाक्यही तिन्हींसाठी तेच. छाट कलमाला यातली तिसरीच लागते. ह्युमिक असलेल्या मुळीला खायला-प्यायला मदत करतं, मायकोरायझाची बुरशी जिवंत मुळीवरच वस्तीला येते. मुळीच नसलेल्या दांड्याला ती नव्याने फोडायला लावणारं औषध म्हणजे आयबीए, पूर्ण नाव इंडोल ब्युटिरिक अॅसिड. डबीवर हे नाव आणि त्यापुढे टक्क्यांचा आकडा छापलेला नसेल तर ती डबी परत द्यावी.

हे परीक्षण कोणा एका कंपनीचं नाही. टाल्कमध्ये मिसळलेली आयबीए पावडर या प्रकाराचं आहे, आणि तेही एका अवघड कामासाठी: शेवंती फुलावर असताना तिची कलमं करायची तेव्हा.

फुलावर आलेलं झाड मुळात कलमाला घेऊच नये, हा नियम बरोबरच आहे. शेवंतीची खान्देशातली सरळ वाट म्हणजे हंगाम संपला की झाड जमिनीलगत छाटायचं, बुंध्यातून काश्या (जमिनीलगतचे नवे फुटवे) निघू द्यायच्या आणि त्या लावायच्या. पण काही वेळा थांबता येत नाही. शेतातल्या शेकडो झिप्री वाणाच्या झाडांत एखाद्याच फांदीवर वेगळ्या रंगाचं फूल येतं. हा बदल त्या फांदीपुरता असतो. काश्या निघतात त्या खालच्या भागातून, म्हणून त्या बहुतेकदा जुन्याच रंगाच्या निघतात. नवा रंग हवा तर त्याच फांदीचा तुकडा घ्यावा लागतो, आणि रंग कळतो तो फूल उमलल्यावरच. दुसरं कारण मर रोग. बुंधा खालून सडायला लागला असेल तर काश्यांची वाट बघण्यात अर्थ नाही, वरचा निरोगी भाग वाचवणं एवढंच हातात उरतं.

अशा कलमात पावडरीचा वाटा किती, हे आधी सांगायला हवं, कारण बहुतेक निराशा तिथूनच सुरू होते. शेवंतीचा कोवळा, न फुललेला शेंडा पावडरीविनाही मुळी धरतो. पावडरीने मुळ्या चार-पाच दिवस लवकर येतात, संख्येने जास्त येतात आणि दांड्याच्या सगळ्या बाजूंनी येतात. फुलावरच्या फांदीचं गणित वेगळं. तिथे साखर कळीकडे ओढली जाते, शेंड्याला ‘आता फुलायचं’ हा हुकूम मिळालेला असतो, आणि दांडा थोडा निबर झालेला असतो. पावडर यातल्या तिसऱ्या अडचणीवर काम करते. पहिलीवर उपाय म्हणजे कळ्या खुडणं, दुसरीवर उपाय म्हणजे रात्रीचा दिवा, त्याबद्दल पुढे. हे दोन्ही सोडून जास्त कडक पावडर लावणं म्हणजे ताप उतरेना म्हणून गोळी दुप्पट करण्यासारखं आहे.

आता डब्यांचे नंबर. बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात: कोवळ्या दांड्यासाठी, अर्धवट पक्व दांड्यासाठी आणि लाकडी दांड्यासाठी. यांनाच १, २, ३ म्हणतात. जोर साधारण ०.१, ०.३ आणि ०.८ टक्क्यांच्या आसपास असतो, पण नंबर आणि टक्के यांची सांगड प्रत्येक कंपनीची वेगळी, म्हणून नंबरावर न जाता आकडा वाचावा. ०.१ टक्के म्हणजे १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार). शेवंतीला एवढंच लागतं, फुलावरच्या झाडाच्या बगलफुटीलाही, म्हणजे पानाच्या बगलेतून निघालेल्या फुटव्यालाही. निबर दांडाच वापरावा लागला तर ०.३ पर्यंत जावं. ०.८ ही डाळिंब, बोगनवेल, जास्वंदीच्या जाड काड्यांची मात्रा आहे. खान्देशात डाळिंबवाल्यांमुळे दुकानात नेमकी तीच डबी जास्त सापडते आणि शेवंतीवाल्याच्या हातात पडते. तीच मिळाली तर फेकू नका. एक भाग पावडर आणि सात भाग बिनवासाची साधी टाल्क कोरड्या बरणीत घेऊन दहा मिनिटं हलवायची, मग बारीक चाळणीतून दोनदा काढायची. ०.१ टक्क्याची पावडर तयार. चेहऱ्याला लावायची सुगंधी पावडर यात चालत नाही.

जास्त जोराची पावडर लागली की काय होतं ते ओळखता यायला हवं, कारण त्याचा दोष पाण्यावर किंवा बुरशीवर टाकला जातो. आठव्या-दहाव्या दिवशी कलम उपटून बघा. पावडर जिथवर लागली होती तिथवरच दांडा तपकिरी-काळा, कोरडा, आणि वर हिरव्याशी एकदम सरळ रेघ, तर ती औषधाची भाजणी. काळेपणा ओला, बोटाने दाबला की साल सुटते, वर चढत जातो, वास येतो आणि ट्रेच्या शेजारच्या दोन-चार खणांतही तेच, तर ती कूज. तिसरा प्रकार म्हणजे टोकाला पांढरट खडबडीत गाठ फुगते, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी, आणि मुळी मात्र नाही. हे सौम्य जादा मात्रेने होतं, थंडीने होतं आणि माध्यम फार अल्कधर्मी असलं तरी होतं. अशी गाठ वाढलेलं कलम लगेच फेकायचं नसतं. माध्यम बदलून उबेला ठेवलं तर त्यातली बरीच नंतर मुळी फोडतात.

पावडर, जेल आणि द्रव यांत कोण बरं? द्रवात बुडवलेल्या दांड्याला सगळीकडे सारखं औषध लागतं, पावडर मात्र दांडा किती ओला आहे त्यावर चिकटते. त्याच टक्क्याला द्रव थोडा जास्त लागू पडतो, त्याचं हे एक कारण. पण द्रव करायला नेमकं वजन लागतं. आयबीए पाण्यात नीट विरघळत नाही. १०० मिलिग्रॅम आयबीए आधी ५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवायचं, मग ५० मिली डिस्टिल्ड वॉटर हळूहळू घालायचं. झालं १००० पीपीएम. १०० मिलिग्रॅम मोजायला किराण्याचा काटा उपयोगाचा नाही, सराफी काटा लागतो, आणि जळगावसारख्या सोन्याच्या गावात तो कुणाकडून मोजून घेणं अवघड नाही. हँड सॅनिटायझर यात वापरू नका, त्यात ग्लिसरीन आणि इतर भर असते. टोक पाच सेकंद बुडवायचं, अर्धा ते एक सेंटिमीटर, आणि दोन-तीन मिनिटं हवेत वाळू द्यायचं. जास्त वेळ ठेवलं तर अल्कोहोलच कोवळी साल भाजतं. आयबीएचा पोटॅशियम क्षार मिळाला तर तो थेट पाण्यात विरघळतो आणि अल्कोहोलची कटकटच राहत नाही. शंभर-दोनशे कलमांसाठी मात्र आमचं मत पावडरीच्याच बाजूने आहे. चूक झाली तरी ती थोडक्यात निभावते. जेल पाहिजेच असं नाही, उन्हाळ्यात ते पातळ होतं आणि डबी उघडी राहिली की वर पापुद्रा धरतं.

डबी घेताना महिना बघा. आयबीए उजेड आणि उष्णतेने मरतं, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ ला टेकतो तेव्हा पत्र्याच्या दुकानातल्या फळीवरचं तापमान त्याहून वर जातं. उन्हाळा काढलेली डबी सप्टेंबरात घेऊ नये. पाऊस सरल्यावर ताज्या मालातली, आतलं सील शाबूत असलेली, लहानात लहान घ्यावी. शंभर कलमांना चहाचा चमचाभर पावडर पुरून उरते. घरी घट्ट झाकण लावून फ्रीजच्या दारात ठेवावी, पण फ्रीजमधून काढली की लगेच उघडू नये. आत दव धरतं, गोळ्या होतात, आणि गोळी झालेली पावडर दांड्याला एका बाजूलाच लागते. वापरताना चमचाभर कागदावर काढून घ्यायची आणि उरलेली फेकायची. मूळ डबीत दांडा बुडवला की एका रोगट कलमाची बुरशी पुढच्या सगळ्या कलमांना वाटली जाते.

मध, दालचिनी, कोरफडीचा गर हे पर्याय सगळीकडे सांगितले जातात. मधात आणि दालचिनीत मुळी फोडणारं संप्रेरक नाही, त्या फार तर बुरशी रोखतात. कोरफडीचं ठरावीक प्रमाण हाताशी नसतं, म्हणून तिच्या भरवशावर एकुलती एक वेगळ्या रंगाची फांदी लावू नये.

आता फांदीची निवड. पन्नास टक्के यश इथेच आहे. फुलाचा दांडा कलमाला घ्यायचा नाही. त्या फांदीच्या मधल्या आणि खालच्या पानांच्या बगलेत बघा. तिथे बोटभर लांबीचे फुटवे असतील आणि त्यांच्या टोकाला कळी नसेल तर ते उत्तम. कळी आहे की नाही हे पानांवरून कळतं. वाढीच्या शेंड्याला पानं कातरलेली, ठसठशीत आणि एकमेकांपासून सुटी असतात. शेंडा कळीकडे वळला की वरची पानं लहान आणि कमी कातरलेली होत जातात, शेंडा बोटाला टणक मण्यासारखा लागतो. असे फुटवेच असतील तर मणी नखाने खुडून टाका, पण त्या कलमाला आठवडाभर जास्त लागणार हे धरून चाला.

फुटवेच नसतील तर घाई करू नका. फूल आणि सगळ्या कळ्या कापा, खालची निरोगी पानं ठेवा, कुंडी किंवा ते एक झाड रात्रीच्या दिव्याखाली आणा आणि दोन ते तीन आठवडे थांबा. बगलेतून नवे फुटवे येतात. हे फुटवे मूळ फांदीपेक्षा कितीतरी कोवळे असतात आणि पावडरीला चांगला प्रतिसाद देतात. ज्याला एकच फांदी वाचवायची आहे त्याने हीच वाट धरावी. झाड मरणार असेल तेव्हाच थेट कापणी.

आदल्या संध्याकाळी झाडाला पाणी द्यायचं आणि सकाळी सात-आठच्या आत कापायचं. फुटवा वाकवून बघा. रबरासारखा वाकला तर फार कोवळा, तुटता तुटत नाही आणि साल सोलते तर निबर, काकडीसारखा कट्ट वाजून मोडला तर नेमका. ५ ते ७ सेंटिमीटरचा तुकडा, पेराच्या लगेच खाली, नव्या ब्लेडने. ब्लेड दर दहा काड्यांनी स्पिरिटने पुसावं. खालच्या अर्ध्या भागातली पानं ओरबाडायची नाहीत, कापायची, नाहीतर सालीची चीर निघते आणि कूज तिथूनच शिरते. वर तीन-चार पानं ठेवायची, मोठी असतील तर निम्मी कातरायची. कापलेलं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून थर्मोकोलच्या डब्यात टाकायचं. खान्देशच्या कोरड्या हवेत दहा मिनिटं उघड्यावर राहिलेली काडी मान टाकते आणि तिची भरपाई पावडर करून देत नाही.

कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरला १ ग्रॅम घेऊन काड्या त्यात दोन-तीन मिनिटं ठेवाव्यात, हातमोजे घालून. मग निथळू द्यायचं. टोक ओलसर हवं, पाणी गळतं नको. एक सेंटिमीटर पावडरीत टेकवायचं, काडी बोटावर दोनदा आपटायची. पातळ धुरकट थर राहिला पाहिजे, पिठात घोळलेल्या भज्यासारखा लपेटा नव्हे. माध्यमात आधी उदबत्तीच्या काडीने छिद्र करायचं, त्यात कलमाची काडी सोडायची आणि बाजूने दाबायचं. थेट खुपसली तर पावडर वरच पुसून जाते. घरोघरी होणारी ही सगळ्यात साधी चूक, आणि तिच्यामुळेच ‘पावडर नकली होती’ असं ठरतं.

माध्यमाला जास्त शब्द नकोत. धुतलेलं कोकोपीट दोन भाग, परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) एक भाग, ९८ खणांचा प्रोट्रे म्हणजे रोपांचा ट्रे. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीनदा निथळून घ्या, क्षार निघून जातात. मूठ दाबली की बोटांच्या फटीत ओल दिसावी, धार लागू नये. शेताच्या भाषेत वाफसा. आपल्याकडचं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, पानांवर पांढरे ठिपके धरतं आणि माध्यमाचा सामू (पीएच) चढवतं. फवाऱ्याला पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी घ्यावं.

वर पारदर्शक प्लॅस्टिकचा बोगदा, त्यावर ७५ टक्क्यांची शेडनेट. पहिले सहा-सात दिवस बोगदा बंद, फक्त सकाळी पाच मिनिटं उघडायचा. मग रोज थोडा थोडा जास्त. माध्यम २० ते २५ अंशांवर राहिलं तर उत्तम. खान्देशात ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर हा त्यासाठी सोयीचा काळ, आणि शेवंतीचं फूलही तेव्हाच असतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली गेला की मुळी थबकते. ट्रे थेट फरशीवर न ठेवता थर्मोकोलच्या पत्र्यावर ठेवा आणि रात्री गोणपाट टाका. मार्चनंतर हे काम करू नये. बोगद्यात उकडून निघतात आणि बोगदा उघडला तर सुकतात.

दिव्याकडे मात्र नीट लक्ष द्यायला हवं, कारण त्यावाचून मुळी फुटलेलं कलमही फुकट जातं. शेवंती लहान दिवसाची. दिवस साधारण साडेतेरा तासांच्या खाली आला की बहुतेक वाण कळीकडे वळतात. आपल्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांहूनही जरा लहान, आणि जूनच्या सगळ्यात मोठ्या दिवशीही सव्वातेरा तासांच्या आसपासच. नोव्हेंबरात लावलेल्या कलमाला दिवा दिला नाही तर ते दोन इंचांवरच परत कळी काढतं, एक केविलवाणं फूल देतं आणि संपतं.

झाड मोजतं ती खरं तर अखंड रात्र. म्हणून दिवा संध्याकाळी लांबवण्यापेक्षा मध्यरात्री रात्र तोडणं स्वस्त पडतं: १० ते २. ९ वॅटचा पिवळसर एलईडी बल्ब दीड मीटर उंचीवर टांगला तर थेट खाली शंभर लक्सच्या आसपास उजेड पडतो, तेवढा पुरतो. बाजूला तो झपाट्याने कमी होतो, म्हणून एका बल्बखाली दोन-तीन ट्रेच ठेवा. दुधी पांढऱ्या बल्बपेक्षा पिवळसर घ्या, त्यात झाडाला रात्र तुटल्याची जाणीव करून देणारा लाल उजेड जास्त असतो. सलग चार तास नको असतील तर दर अर्ध्या तासात दहा मिनिटं चालू ठेवणारा टायमरही चालतो. टायमर मात्र आत बॅटरी असलेला हवा. शेताच्या फीडरवर वीज जाते-येते, आणि साधा काट्याचा टायमर तेवढा वेळ मागे पडत जातो. आठवड्याभरात तुमचे १० ते २ पहाटेवर जातात आणि रात्र एका बाजूला पुन्हा लांब होते. दिवा लावला, पण चुकीच्या वेळी, एवढ्या कारणाने कळी आलेली ट्रेच्या ट्रे बघायला मिळतात.

कलम लावलं त्याच रात्रीपासून दिवा द्यायचा आणि रोप मोठ्या पिशवीत गेल्यावरही चार-पाच आठवडे चालू ठेवायचा.

मुळीचं वेळापत्रक असं: न फुललेल्या शेंड्याला १० ते १५ दिवस, फुलावरच्या झाडाच्या बगलफुटीला १५ ते २५. काडी ओढून बघायची सवय सोडा, दर ओढीला नवी मुळी तुटते. ट्रेच्या खालच्या भोकात पांढरं टोक दिसेल तेव्हाच हलवा. तोवर खत नाही. मुळी दिसल्यावर १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. याच टप्प्यावर मायकोरायझाचा डबा कामाला येतो, पिशवीत भरताना मुळीला लागेल असा टाकावा. दुकानदाराने तो विकला ते चूक नव्हतं, वेळ चुकीची होती.

एकंदर पावडर घ्यावी का? ०.१ टक्क्याची, ताजी, लहान डबी, हो, जरूर. फुलावरच्या फांदीला तर घ्यावीच, कारण तिथे काड्या मोजक्या असतात आणि एकेक मोलाची असते. पण पैसे बेताचे असतील आणि पावडर की टायमर असा प्रश्न असेल तर आधी टायमर घ्या.

मुळी धरलेलं कलम वाढीला परत लागताना पहिली चार-पाच पानं विचित्र येतात. कातर नसलेली, अरुंद, पट्टीसारखी सरळ, कधी मुरडलेली. हे बघून लोक विषाणू समजतात आणि उपटून टाकतात. मावा आणि फुलकिडे आहेत का ते पानाखाली भिंगाने तपासा. ते नसतील तर थांबा. ही फुलाकडून वाढीकडे वळतानाची पानं आहेत. त्यांच्यावर नेहमीसारखं कातरलेलं पान दिसलं की त्याच्या वर दोन पानं येऊ द्या आणि शेंडा खुडा. खालच्या पट्टीपानांच्या बगलेतून आलेले फुटवे ठेवू नका, ते पुन्हा लवकर कळीकडे वळतात.